काशीला सोडलेला राग

आमच्या काशीयात्रेत एकवीस माणसं होती आणि त्यांतल्या निम्म्यांनी भोपळा सोडला. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू तिथे सोडून यायची आणि पुन्हा जन्मात तोंडात घालायची नाही, असा रिवाज आहे. भोपळा कोणाला आवडतो म्हणून एवढ्या जणांनी सोडला, हे मला विचारू नका. एकाने कारलं सोडलं. एका बाईंनी फणस सोडला, तर त्यांच्या नवऱ्याने दबक्या आवाजात सांगितलं की फणसाने तिला लहानपणापासून पोटदुखी होते.

यात्रा काढली होती सुकदेवने. तो मूळचा धुळ्याकडचा, नरोलीला एका सुताच्या कंपनीत सुपरवायझर आहे आणि वर्षातून एकदा रजा काढून सिल्वासातल्या मराठी मंडळींना कुठेतरी देवदर्शनाला नेतो. घाटावर प्रत्येकाने काय सोडलं ते तो मोबाइलमध्ये टिपून घेत होता. माझी पाळी आली तेव्हा मी वांगं म्हणणार होते. ओंजळीत पाणी घेतलं होतं, गुरुजी थांबले होते, आणि मागून आमचे हे म्हणाले, "शैला, तू राग सोड."

वीस माणसं हसली. गुरुजींचं घराणं मराठी, पिढ्यान् पिढ्या काशीत राहिलेलं. तेही हसले आणि म्हणाले की वांग्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. ओंजळीतलं पाणी गळत होतं. मी राग म्हटलं आणि पाणी सोडलं. खरं सांगायचं तर मला जरा मिरवल्यासारखंही वाटलं. बाकीचे भोपळेवाले आणि मी एकटी काहीतरी भारी सोडणारी.

माझा राग आमच्याकडे प्रसिद्ध आहे. मी इथल्या मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवते. मुलं मला घाबरतात, मुलांचे आईबाप घाबरतात, आणि डोकमर्डीच्या आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर उशिरा आला तर लोक मला पुढे करतात. भगवंत म्हणजे आमचे हे. बत्तीस वर्षं प्रशासनाच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झाले. ते या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडून देतात. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, पण लिहिताना प्रत्येक वेळी 'हे हे' करत बसणं मला जमणार नाही.

परत आल्यावर सुकदेवने यात्रेच्या ग्रुपवर यादी टाकली. 'शैलजाताई : राग', आणि पुढे जोडलेले हात. दोन दिवसांत ती सगळ्या सोसायटीत फिरली. मग लोकांनी माझी परीक्षा पाहायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरची बाई ओले कपडे न पिळता वाळत घालते, ते पाणी माझ्या पापडांवर पडतं. पूर्वी तिने ते चोरून केलं असतं, आता वरून हसून विचारायची, 'ताई, रागावला नाहीत ना?' मी नाही म्हणायचे. मला वाटलं, जमतंय की.

हे जमावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्याला कारण मेधा होती.

मेधा माझी धाकटी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. आमलीत दोन खोल्यांत राहायची, एका कंपनीच्या कचेरीत कामाला होती आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला असायची. गेल्या सप्टेंबरात ती वारली. स्वादुपिंडाचा कर्करोग. उन्हाळ्यापासून वाळत चालली होती. विचारलं की थायरॉइड म्हणायची. शेवटी दवाखान्यात ठेवलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आणि त्यानंतर ती चौथ्या दिवशी गेली. त्या चार दिवसांत ती शुद्धीवर अशी फारशी नव्हती. आमचं बोलणं झालंच नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी देवासमोर माळ घेऊन बसायचे. भगवंतनीच सुचवलं होतं. पण नाम घेता घेता डोक्यात एकच यायचं, की या मुलीने वेळेवर दाखवलं का नाही. हलगर्जीपणा. लहानपणापासून हलगर्जी. माळ अर्धी व्हायच्या आत माझे दात आवळलेले असायचे. मेलेल्या बहिणीवर डाफरण्यापेक्षा राग काशीत ठेवून आलेलं बरं, असा माझा हिशेब होता.

आणि खरोखर, परत आल्यावर माळ सुरळीत व्हायला लागली. एकशे आठ मणी, मध्ये कुठे अडखळणं नाही. फक्त मेधा दिसेनाशी झाली. तिचा चेहरा आठवायचा तर फोटो पाहावा लागायचा. यालाच मनःशांती म्हणत असतील, असं मी धरून चालले.

मार्चमधल्या एका रविवारी भगवंतनी सकाळी स्वतः चहा केला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. कप माझ्यासमोर ठेवून ते बसले आणि म्हणाले, "मेधाला एप्रिलपासून माहीत होतं. आणि मलाही."

मी कसं म्हणून विचारलं. त्यांनी क्रमाने सगळं सांगितलं. पोट दुखतं म्हणून मेधाने त्यांना गाडी घेऊन बोलावलं होतं. वापीला तपासण्या झाल्या. फार उशीर झालाय, उपचारांनी दोन-तीन महिने वाढतील आणि तेही अंथरुणात जातील, असं पहिल्याच वेळी कळलं होतं. मेधा उपचार नको म्हणाली. त्यानंतर दुखणं कमी करायच्या औषधांसाठी ते तिला पाच-सहा वेळा घेऊन गेले, दर वेळी मी शाळेत असताना. मला सांगायचं नाही म्हणून तिने त्यांना माझीच शपथ घातली होती. ताईला त्रास होईल, म्हणाली.

"मला हे पोटात ठेवून झोप येत नव्हती," भगवंत म्हणाले. "पण तुझ्यापुढे काढायचा धीर होत नव्हता. आता तू राग सोडलायस, म्हणून म्हटलं बोलून टाकावं."

म्हणजे घाटावरची ती चेष्टा नव्हती. बत्तीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस. आधी वरून मंजुरी घेतली, मग काम पुढे सरकवलं. गंगेच्या पाण्यात उभी करून, वीस साक्षीदारांदेखत माझी सही घेतली होती.

मी "बरं" म्हटलं आणि कप विसळायला घेतले.

पुढचे तीन आठवडे मी बरीच शांत होते. वार्षिक परीक्षा चालू होत्या, पेपर तपासले. भगवंत खूश होते. त्यांना हलकं वाटत होतं आणि ते दिसत होतं, भूक वाढली होती. मला मात्र अन्न पचेना. रात्री छातीत जळायचं, डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. एकदा वर्गात फळ्यावर मी एकच उदाहरण दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा चुकवलं. एका वारली आदिवासी मुलीने उठून चूक दाखवली आणि लगेच खाली बसून डोकं झाकलं, कारण पूर्वी माझ्या वर्गात असं कोणी केलं की आरडाओरडा व्हायचा. मी तिला शाबास म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नाही.

त्या दुपारी मी सुकदेवला फोन करून गुरुजींचा नंबर मागितला. तो काळजीत पडला. "ताई, काही चुकलं का आपल्याकडून? विधी तर बरोबर झाला व्हता." मी म्हटलं विधी उत्तम झाला.

गुरुजी कुठल्यातरी गर्दीत होते. काशीत सोडलेलं परत घेता येतं का, असं मी विचारलं. त्यांना वाटलं भाजीचं आहे. वैद्याने सांगितलं असेल तर बघता येईल, वांगं होतं का, म्हणाले. मी राग म्हटल्यावर त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, ते अर्पण केलेलं असतं, परत घेतलं तर दोष लागतो.

"कोणाला?"

"तुम्हालाच, बाई."

"मग चालेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवासमोर बसले, पण माळ घेतली नाही. राग घेऊन बसले. म्हणजे काय केलं, तर काहीच नाही. तो आला की त्याला बस म्हटलं. भगवंतवर आला, गाडीत तिच्या शेजारी बसून वापीला गेलेला माणूस संध्याकाळी माझ्याबरोबर बसून भाजी निवडत होता म्हणून. तळपायाची आग मस्तकात गेली. अशा वेळी मी ओरडते. उठून काहीतरी आपटते, कोणालातरी धरते. त्या दिवशी उठले नाही.

सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की माझी आणि माझ्या रागाची ओळखच नाही. मी त्याला कधी घरात ठेवलंच नव्हतं. आला की पुढच्या माणसाच्या अंगावर टाकायचा आणि मोकळं व्हायचं. लोक मला रागीट म्हणायचे, पण राग माझ्याकडे कधी पाच मिनिटंसुद्धा टिकला नसेल. आता तो माझ्यासमोर बसला होता आणि त्याला जायची घाई नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तो भगवंतवरून मेधावर सरकला. आणि मेधा परत दिसायला लागली. फोटोतली नव्हे, खरी. ताटात कोशिंबीर शेवटपर्यंत ठेवून मग एकदम खाणारी. थायरॉइड म्हणताना माझ्या डोळ्यांत सरळ बघणारी. किती सराईतपणे खोटं बोलत होती ती. मला तिचा भयंकर राग आला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिची इतकी आठवण आली की मला बसवेना. तरी बसले. नामाने मला हे कधी दिलं नव्हतं. नामाला मी दोष देत नाही, माझी वाट ती नसावी एवढंच.

आठवड्याने मी भगवंतना बोलावलं. ते दुधाची पिशवी आणायला निघाले होते.

"मला तुमचा राग आलाय," मी म्हटलं. "मी ओरडणार नाही. तुम्ही फक्त इथे बसा."

ते चपला घालून उभे होते. काशीचं काय, असं त्यांनी विचारलं. तो दोष मी घेतलाय, असं मी सांगितलं. मग त्यांनी चपला काढल्या आणि समोर बसले. पाच मिनिटांनी दूध संपेल म्हणाले. दहा मिनिटांनी त्यांचा गुडघा दुखायला लागला, त्यांनी पाय बदलला. मी त्यांच्याकडे बघत होते. माझ्या अंगातून ती आग जात होती, येत होती, आणि ते ती बघत होते. संसाराची एकतीस वर्षं झाली, पण असं आम्ही कधी बसलो नव्हतो. मी पेटले की ते बाहेर जायचे आणि मी विझले की परत यायचे.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "त्रास होईल असं ती म्हणाली नव्हती. ते मी माझ्या पदरचं सांगितलं."

"मग काय म्हणाली?"

त्यांनी खाली बघितलं. "म्हणाली, ताई आधी पाऊण तास ओरडेल आणि मग विचारेल, दुखतंय का. माझ्याच्याने आता तो पाऊण तास निघणार नाही, भावजी."

मला लगेच आठवलं. मेधा तिशीत असताना खानवेलच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडली होती. दवाखान्यात तिचा हात गळ्यात बांधलेला, आणि मी दारातूनच सुरू झाले होते. हेल्मेट कुठे होतं, एवढा वेग कशाला, अक्कल कुठे गहाण ठेवलीस. नर्स येऊन मला गप्प करून गेली. दुखतंय का, हे मी केव्हातरी विचारलं होतं खरं. केव्हा, ते मेधाने घड्याळात बघून ठेवलं होतं.

भगवंत डोळे पुसत होते. त्यांना वाटलं असावं की आता मी मोडून पडेन, स्वतःला बोल लावेन, आणि मग ते मला समजावतील. तसं काही झालं नाही. तिचं बरोबर होतं. मी ओरडलेच असते, अगदी मोजून पाऊण तास. हे मला मान्य होतं आणि तरीही माझा राग तसूभरही कमी झाला नव्हता.

"पाच महिने होते तिच्याकडे," मी म्हटलं. "पाच महिन्यांतला पाऊण तास तिने मला द्यायचा होता. पुढे सगळा वेळ मी विचारलंच असतं, दुखतंय का."

भगवंत समोरून उठले नाहीत.