दुसरा हात कुठे?

"आधी वाजव. मग ऐक. मग हात लाव. मग पाऊल टाक."

मित्रांनो, हा आवाज ऐकून आज चाळीस वर्षे होत आली, पण माझ्या लाकडात तो अजून जसाच्या तसा मुरलेला आहे. मी एक जुनी काठी आहे. म्हातारपणाच्या आधाराची नव्हे आणि माराची तर मुळीच नव्हे. मी खाणीतले छत वाजवून पाहायची काठी आहे.

तो आवाज होता टेकूआजोबांचा. खाणीच्या छताला लाकडी टेकू द्यायचे त्यांचे काम, म्हणून हे नाव. एका चिवट, बिनगाठीच्या फांदीतून त्यांनी मला तासले, तेल पाजले आणि टोकाला पितळेचे टोपण बसवले. लोखंड दगडावर ठिणगी पाडते आणि खाणीत ठिणगीला जागा नाही. पितळ बिचारे गुणी, नुसता आवाज करते. मला घासता घासता आजोबा गुणगुणत,

वाज गं काठी, बोल रे पत्थरा,
गेले ते सारे येऊ देत घरा.

मग त्यांनी मला एका नव्या मुकादमाच्या हातात दिले. वीस-बावीस वर्षांचा, बुटका, काटक आणि तोंडाचा भारी बोलका. छत वाजवायचे चारही धडे आजोबांनी त्याच्याकडून पाठ करून घेतले.

माझे काम सोपे होते आणि सोपे नव्हतेही. पाळी सुरू झाली की मुकादमाच्या हाताखालची सहाही माणसे शेवटच्या टेकूपाशी थांबत. मुकादम एकटा मला घेऊन पुढे जाई. मी छताला टोपण लावी. छत घट्ट असेल तर 'ठण्ण' वाजे, जशी भरल्या घराची हाक. दगड आतून सुटला असेल तर 'बद' वाजे, जसे रिकामे पिंप. मग मुकादम खोक्यावर चढून डावा पंजा छताला टेकवी आणि उजव्या हाताने मला पुन्हा वाजवी. सुटलेला दगड पंजाखाली थरथरतो. कानाला चकवेल, पण हाताला नाही. मग तो ओरडे, "या रे, छत शहाणं आहे!"

दिवस गेले, वर्षे गेली. मुकादमाचा कान इतका तयार झाला की खाणीत त्याची ख्याती झाली. "अरे, याला दगडाच्या पोटातलं ऐकू येतं," लोक म्हणत. कौतुक कोणाला आवडत नाही? मलाही आवडे. पण त्या कौतुकात एक गोष्ट हळूच गळून गेली. खोक्यावर चढायचा त्याला कंटाळा येऊ लागला. बुटका म्हणून कोणी हसेल ही टोचणीही असावी. तो वाजवी, ऐके आणि पाऊल टाकी. तिसरा धडा राहूनच गेला.

पुढे दगड फोडायची यंत्रे आली. आठ-आठ तास कानाशी त्यांची घरघर. त्याच्या कानाची धार बोथट होत गेली, ते आधी मला कळले. तो मला पूर्वीपेक्षा जोरात आपटू लागला होता ना! दरवर्षी दवाखान्यात कान तपासत, तर हा गडी समोरच्या काचेत परिचारिकेच्या बोटाचे प्रतिबिंब बघे. बोट बटणावर पडले की म्हणे, "आलं ऐकू!" आणि पास होई.

मग तो दिवस आला. मुकादमाने मला वाजवले. मी 'बद' म्हणाले, मित्रांनो. अगदी स्पष्ट 'बद' म्हणाले. तो म्हणाला, "या रे, छत शहाणं आहे!"

सहा जण पुढे आले. त्यांत लंबू नावाचा एक तरुण होता, इतका उंच की चालताना तोल सावरायला छताला हात लावी. त्याने तो लावला आणि किंचाळला, "मागे! सगळे मागे!" आम्ही टेकूपाशी पोचतो न पोचतो तोच मागे धाडकन दगड कोसळला. दोन जेवणाचे डबे चेपले. माणसाला ओरखडाही आला नाही.

धुरळा बसायच्या आत बातमी वर गेली, आणि वर जाता जाता तिने कपडे बदलले. मुकादमाच्या कानामुळे सहा जण वाचले, अशी ती झाली. सभा भरली, टाळ्या पडल्या, मुकादमाला भिंतीवरचे घड्याळ मिळाले. लंबू मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. मुकादमाने तोंड उघडले, मिटले आणि घड्याळ घेतले. महिन्याभरात त्याने राजीनामा दिला. "गुडघे दुखतात," म्हणाला.

मी त्याच्याबरोबर घरी आले, स्वयंपाकघराच्या दारामागे. त्याची बायको माझ्या टोकाला फडके बांधून जळमटे काढी. पितळ काळे पडले. घड्याळ मात्र बैठकीत रोज पुसले जाई. एकदा त्याचे टोले आठवडाभर बंद होते आणि मुकादमाला पत्ताच नव्हता. बायको म्हणाली, "आता वय झालं हो तुमच्या कानांचं." तो हसला. ते हसू काही खरे नव्हते.

त्यांची लेक मात्र माझ्यावर जीव टाकी. एका जागी टिकत नसे, म्हणून तिचे नाव पडले भिंगरी. मला घेऊन ती घरभर भिंती वाजवत फिरे. शाळेत निबंध लिही तो एकच, 'माझ्या बाबांचा कान'. मोठी झाली आणि शिकायला खाणकामच निवडले. मुकादम त्या दिवशी जेवला नाही.

शेवटच्या वर्षाआधी सहा आठवडे खऱ्या खाणीत इंटर्नशिप हवी, नाहीतर वर्ष वाया, असा तिच्या कॉलेजचा नियम. तिने एकोणीस ठिकाणी अर्ज पाठवले. उत्तर आले दोन. एकाने लिहिले जागा भरल्या, दुसऱ्याने विचारले अनुभव किती.

"अनुभव घ्यायलाच येतेय ना मी!" भिंगरी कपाळावर हात मारून म्हणाली. "पोहायला शिकून या, मग पाण्यात सोडतो, असं झालं हे."

"बाबांच्या खाणीत विचार की," आई म्हणाली. "लंबू आता तिथे सुरक्षेचा मोठा साहेब आहे."

भिंगरी वडिलांसमोर जाऊन बसली, तिचे ओठ त्यांना दिसतील अशी. "बाबा, लंबूकाकांना एक फोन कराल?"

"नाही."

"मी मुलगी आहे म्हणून?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

तो घड्याळाकडे बघत राहिला. भिंगरी उठली. पाय आपटून गेली नाही, याचेच मला वाईट वाटले.

पण पोरगी कच्ची नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच खाणीच्या फाटकाशी जाऊ लागली. पहारेकऱ्याशी ओळख केली, प्रशिक्षणाचे काम कोण बघते ते विचारले. प्रत्येकाला एकच साचेबंद अर्ज पाठवायचे सोडून, या खाणीत आपल्याला काय शिकायचे आहे ते एका पानात हाताने लिहून दिले. मोजणीवाल्यांना पट्टी धरायला माणूस कमी होता, तर आठवडाभर उन्हात पट्टी धरली. "नाव काय गं तुझं?" हे तिला तिसऱ्या सोमवारी विचारले गेले. आणि शुक्रवारी मुलाखतीला बोलावले. एकच जागा उरली होती.

त्या दुपारी ती परतली ती गोंधळलेली, आणि बाबांसमोर येऊन बसली.

"झालं का?" आईने विचारले.

"झालं आणि नाही झालं. लंबूकाका होते समोर. मी बाबांच्या कानाची सगळी गोष्ट सांगितली. ते मान खाली घालून ऐकत होते. मग एकच प्रश्न विचारला. छत वाजवताना दुसरा हात कुठे ठेवशील? मी म्हटलं, टोपीवरच्या दिव्याला. ते म्हणाले, चूक. जागा सोमवारपर्यंत तुझ्यासाठी ठेवतो. बरोबर उत्तर घेऊन ये. आणि म्हणाले, पुस्तकात शोधू नकोस, घरी विचार."

मुकादमाने हातातला पेला खाली ठेवला.

मित्रांनो, पुढचे सांगण्याआधी थोडी थांबते, कारण मला तुमच्याकडे काही मागायचे आहे. आज मी पुन्हा कामावर आहे, भिंगरीच्या हातात. नवे टोपण मिळाले आहे, अंगात तेल मुरते आहे, आणि मला फार बरे वाटते. पण दारामागच्या त्या वर्षांत मी एक शिकले. तुमच्या घरातही दारामागे कोणीतरी उभे असेल. जुनी वस्तू असेल, जुने माणूस असेल. त्यांना नुसते पुसू नका, विचारा. आणि कोणी विचारले की खरे बोला. आतून सुटलेला दगड बाहेरून अगदी गुळगुळीत दिसतो.

तर त्या शुक्रवारी मुकादम उठला. 'छतावर' एवढा एक शब्द बोलून तो सुटला असता. पण तो स्वयंपाकघरात गेला, दारामागून त्याने मला काढले, टोकाचे फडके सोडले आणि सदऱ्याच्या बाहीने पितळ घासले. मग लेकीला चौकटीखाली उभे केले. ती आईच्या वळणावर गेलेली, चांगली उंच.

"पंजा वर टेकव. सगळा टेकव, बोटंसुद्धा."

तिने टेकवला. त्याने मला अलगद वाजवले.

"कळलं काही?"

"थरथरलं," ती म्हणाली. "चौकट सैल आहे बाबा!"

"चार वर्षं सांगतेय मी," आई म्हणाली, "पण ऐकतंय कोण!"

तो हसला, आणि हे हसू खरे होते. मग त्याने मला भिंतीला टेकवले, लेकीचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बैठकीतल्या घड्याळाकडे मान वळवली.

"ते घड्याळ लंबूचं आहे, भिंगरे. त्याच्या हाताला कळलं म्हणून आम्ही सगळे वाचलो. त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं."