मास्तरांच्या पोटरीतली मी

मी गुठळी बोलतेय, रक्ताची. नाक मुरडू नका. तुमच्या बोटाला सुई टोचते तेव्हा माझ्याच बहिणी धावत येऊन भोक बुजवतात. त्या तेवढ्या गुणाच्या, आणि मी कैदाशीण!

माझे मालक टेलरमास्तर. एकदा गरम इस्त्री त्यांच्या नडगीवर पडली. जखम चिघळली, तर या गृहस्थांनी तिच्यावर शिलाई मशीनचं तेल सोडलं. वर म्हणाले, "मशीन गंजत नाही, मी कशाला गंजेन?"

पाय लालबुंद झाला, तापला. ती आग आतल्या रक्ताच्या शिरेपर्यंत पोचली. शिरेचं अस्तर एरवी साटिनसारखं. रक्त त्यावरून सुळकन निघून जातं. सुजल्यावर तेच अस्तर खरखरीत, चिकट झालं आणि बोंबलत सुटलं, "धावा, फाटलं!" पांढऱ्या पेशी धावल्या, प्लेटलेट धावल्या, एकमेकींना बिलगल्या, वर धाग्यांचं जाळं पडलं. झाला माझा जन्म! रक्ताची वाट अडली, पोटरी फुगली. शीर कुठेच फाटली नव्हती. पण गर्दीत कोण खात्री करून घेतो?

"अहो, डॉक्टरांना दाखवा," मास्तरीणबाई रोज कानीकपाळी ओरडायच्या.

"शाळेचे गणवेश हातावेगळे होऊ देत. पोरांना काय उघडी पाठवू?"

मग बाईंचा भाऊ आला. पोटरी चाचपून म्हणाला, "दाजी, गाठ धरलीय. चोळून जिरवतो."

"हळू रे! पाय आहे, कणीक नाही," मास्तर हसले.

मी जिवाच्या आकांतानं भिंत धरून होते. त्यानं असा रेटा दिला की माझा अर्धा तुकडा निसटला. पोटातून वर, हृदयातून गरगरत गेला आणि फुप्फुसाच्या नळीत बुचासारखा बसला.

"अगं, श्वास..." मास्तर एवढंच म्हणाले. बाई धावत खिडकी उघडायला गेल्या. वळल्या तेव्हा उशीर झाला होता.

मरणाचं कारण म्हणून डॉक्टरांनी माझं नाव घेतलं. तेलाचं नाही, गणवेशांचं नाही, चोळण्याचं तर नाहीच. मेव्हणा मात्र आपले तळवे बघत भिंतीशी बसलाय.

आता रक्त थांबलंय. मला विरघळवायलाही कुणी उरलं नाही. तुमचा पाय असा लाल, गरम, सुजलेला दिसला तर चोळू नका हो, आधी दाखवा. मास्तरांसारखं माझंही काम शिवण्याचंच. जन्मात एकच टाका घातला, तोही न फाटलेल्या जागी.