पायरीवरच्या आजीचं पुस्तक

ऑर्डेला प्रुइट अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या एका लहानशा गावात दुसरीच्या वर्गाला शिकवायची. वर्गात काळी मुलं बोटांवर मोजण्याइतकी, आणि अख्ख्या शाळेत काळी शिक्षिका ती एकटीच. काळ्या लेखकांची मुलांसाठीची पुस्तकं तिनं हौसेनं जमवून वर्गाच्या मांडणीत लावली होती. लहानपणी आपल्यासारखा चेहरा तिला एकाही पुस्तकात दिसला नव्हता, आणि ते शल्य अजून गेलं नव्हतं.

झेनोबिया, म्हणजे नोबी, वर्गात तोंड उघडायची नाही. वाचायची पाळी आली की मान खाली. मग पायरीवर बसून नातीच्या वेण्या घालणाऱ्या आजीचं पुस्तक तिच्या हाती लागलं आणि पोरगी त्यात रमली. एका सकाळी ती आपणहून उभी राहिली आणि अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचून गेली. आजीच्या आईला गुलामांच्या बाजारात विकलं, त्या पानावर वर्ग चिडीचूप झाला.

"परत वाच ना," शेजारची लॉरेल म्हणाली.

"उद्या," नोबी ऐटीत म्हणाली. "आज घसा दुखतोय माझा."

लॉरेल गोऱ्या घरातली. जेवताना तिनं आईला विचारलं, "माणसांना विकत कोण घ्यायचं? आपण?"

दुसऱ्या दिवशी तिची आई मुख्याध्यापकांसमोर बसली होती.

मुख्याध्यापक हॅस्क्यूसर तसे वाईट नव्हते. त्यांनी ऑर्डेलाला बोलावून दार लावून घेतलं. "रडत होत्या हो लॉरेलच्या आई. पुस्तकं तपासणारी समिती काय ते ठरवेपर्यंत तुमची ती पुस्तकं उचलू या."

"वाचलं एकच, सर. सगळी कशाला?"

"आज एक काढलं की उद्या दुसऱ्यावर बोट ठेवतील. मला रोजची कटकट नको."

"आणि मी नाही उचलली तर?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दुसरं कुणी उचलेल. वर्गही त्याच्याकडेच जाईल. मग या मुलांना तुम्हीही उरणार नाही."

ऑर्डेलाला ते पटलं नाही, पण तिनं पुस्तकं खोक्यांत भरली. आजीचं पुस्तक नोबीच्या दप्तरात होतं.

"ते पुस्तक दे बाळा."

"मी फाडलं नाही, बाई."

"माहीत आहे मला."

"मग चुकीचं वाचलं का?"

"नाही गं. छान वाचलंस."

"मग का?"

ऑर्डेलानं हात पुढे केला. नोबीनं पुस्तक तिच्या हातात दिलं आणि बाकावर डोकं टेकलं.

संध्याकाळी ऑर्डेला नोबीच्या घरी गेली. "मी इथं येऊन वाचून घेत जाईन तिच्याकडून," ती म्हणाली.

नोबीची आई जर्लीन दारातून हलली नाही. "नको, बाई. लॉरेलनं सांगितलं तिला, आई रडली म्हणून. पोरगी म्हणते, आपल्या गोष्टी वाचल्या की लोकांना रडू येतं. आता पुन्हा तिला आशा लावू नका. तुम्ही परत काढून घेणार, आणि समजूत मी घालायची."

ऑर्डेला तशीच माघारी फिरली.

आठवडा संपता संपता वर्गात बदकाच्या पिल्लाचा धडा निघाला. नोबीची पाळी आली. ती उभी राहिली, पण ओठ हलले नाहीत. लॉरेलनं मदतीला ओळीखाली बोट ठेवलं. नोबीनं तिचा हात झटकला. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

ऑर्डेला "बस," म्हणाली आणि पुढच्या मुलाचं नाव घेतलं.

समिती त्या वर्षी बसलीच नाही.