जादा किल्ली

घर भाड्याने दिल्यापासून शिट्टीमास्तरांच्या जिवाला चैन पडत नव्हती. मुलांना कवायत शिकवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि त्यांनी शिट्टी फुंकली की अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं, म्हणून हे नाव. आता गुडघे कुरकुरायला लागले होते आणि घर तर तिसऱ्या मजल्यावर. मुलीने आईबापांना आपल्याकडे, दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर आणलं. रिकामं ठेवण्यापेक्षा घर कुणाला तरी द्यावं असं सगळ्यांचं ठरलं. मास्तरांनीही मान डोलावली. डोलावताना आपण काय कबूल करतोय, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

भाडेकरू तशा चांगल्या मिळाल्या. चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासणारी एक मुलगी आणि तिची म्हातारी आई. मुलीला मास्तर पाठीमागे चष्मेवाली म्हणत. ती सकाळी जायची ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि आई दिवसभर घरात एकटी. आईला ऐकू कमी यायचं, कानात मशीन असायचं. भिंतीवर रेघोट्या ओढणारं कुणी नाही म्हणून मास्तर खूश होते.

किल्ल्यांचा जुडगा त्यांनी चष्मेवालीच्या हातात ठेवला आणि समारंभ असल्यासारखे म्हणाले, "ह्या सगळ्या. आता घर तुझं."

सगळ्या नव्हत्या. एक किल्ली मास्तरांच्या दाढीच्या डब्यात होती. कुणाच्या घरात डोकवायचा त्यांचा विचार नव्हता, तेवढे ते वाईट नव्हते. पण सगळ्या किल्ल्या देऊन टाकणं त्यांना सोसलं नाही. बायकोने विचारलंच, "सगळ्या दिल्यात ना?"

"नाही, जमिनीत पुरून ठेवल्यात," मास्तर तिच्यावरच डाफरले. खोटं बोलताना ते नेहमी आधी डाफरायचे.

मग फोन सुरू झाले. कुंड्यांना पाणी घातलं का? खिळे ठोकायचे नाहीत, आधीच सांगतो. गॅलरीचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला विटेचा तुकडा लावायचा, वीट मी ठेवलीय तीच. बिचारी चष्मेवाली हो काका, हो काका करत राहायची.

"अहो, घर भाड्याने दिलंय, लेक सासरी पाठवली नाही," बायको म्हणाली. "आणि लेकीला तरी कुठे एवढे फोन केलेत तुम्ही?"

पहिल्याच आठवड्यात एकदा चष्मेवालीचाच फोन आला. धापा टाकत होती, मागे रस्त्याचा गोंगाट. "काका, घराची एखादी किल्ली तुमच्याकडे राहिलीय का? आई–"

मास्तरांनी दाढीच्या डब्याकडे पाहिलं. हिने ओळखलं! "अजिबात नाही," ते कडाडले. "मोजून दिल्यात तुझ्या हातात. विश्वास नसेल तर तसं तोंडावर सांग."

"तसं नाही हो, ऐका ना, आईला–"

"आधी माझं ऐक. एवढी वर्षं मी शाळेत काढली, कुणी बोट दाखवलं नाही–" फोन कट झाला होता. मास्तर त्या दिवशी जेवतानासुद्धा फुरंगटलेले होते. त्यानंतर चष्मेवाली हो काका म्हणायचीही थांबली, आणि हळूहळू फोन उचलेनाशी झाली. संशयच होता म्हणायचा, असं मास्तरांनी मनाशी पक्कं केलं आणि दाढीच्या डब्यातली किल्ली आणखी खाली, ब्लेडच्या पाकिटाखाली सरकवली.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मास्तर आंघोळ करत होते आणि जावई दार ढकलून सरळ आत आला. दोघांचीही बोबडी वळली. जावई तोंड फिरवून पळाला. मास्तर बाहेर आले तेव्हा तो वर्तमानपत्रात डोकं खुपसून म्हणाला, "बाबा, तेवढी कडी लावत जा ना."

मुलगी हसून लोटपोट. "अरे, ते नाही लावणार. आमच्या तिकडच्या घरी बाथरूमची कडी लावायचीच नाही! ती एकदा पूर्ण सरकली की आतला माणूस आत. बाहेरून खांद्याने दार उचलल्याशिवाय निघत नाही. म्हणून आम्ही बाहेरच्या हँडलला आंघोळीचा मग अडकवायचो. तो दिसला की आत कुणीतरी आहे."

मास्तरही हसायला लागले, आणि हसता हसता थांबले.

कुंड्या सांगितल्या. वीट सांगितली. खिळे तर दहादा सांगितले. कडीचं सांगायचं राहून गेलं होतं. कडीत काही बिघाड आहे हेच ते घरात राहून राहून विसरून गेले होते. आणि तिथे म्हातारी दिवसभर एकटी. आंघोळीला जाताना मशीन काढून ठेवत असणार. आत अडकली तर हाक कुणाला मारणार, आणि बाहेरून कुणी ओरडलं तर तिला कळणार कसं?

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. चष्मेवालीच्या दुकानाला सुट्टी नसायची आणि मास्तरांचा नंबर दिसला की ती उचलायची नाही. ही सवय आपणच लावली, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं.

ते उठले, दाढीचा डबा पालथा केला आणि ब्लेडच्या पाकिटाखालची किल्ली मुठीत घेऊन बाहेर पडले.

"अहो, कुठे निघालात? अहो, चप्पल तरी बघा!" बायको मागून ओरडत होती. एक पाय जावयाच्या चपलेत होता.

दोन गल्ल्या आणि तीन मजले. गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला शिव्या घातल्या, मास्तरांनी ऐकल्या नाहीत. दारावरची बेल दाबली, थापा मारल्या, हाका मारल्या. आतून फक्त नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता, एकसारखा. म्हातारी पडली असेल या विचाराने घाईघाईत त्यांनी किल्ली आधी उलटीच कुलपात खुपसली.

शेवटी दार उघडलं. बाथरूमचं दार बंद होतं. मास्तरांनी जुन्या सवयीने खांदा लावला आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं बळ एकवटून धडक दिली.

दाराला कडीच नव्हती. मास्तर थेट आत गेले, बादलीवर आदळले आणि ओल्या चादरीवर बसले. चादर धूत असलेल्या म्हातारीने किंचाळून हातातला मग त्यांच्या डोक्यात हाणला.

मग तिने त्यांना ओळखलं. "अगंबाई, मास्तर!" नळ बंद केला, हाताला धरून उठवलं, खुर्चीवर बसवलं, पुसायला टॉवेल दिला. मास्तर भराभर सांगू लागले, कडी, जावई, हँडलचा मग. म्हातारीने मान हलवली. "मशीन नाहीये कानात. तुम्ही दम खा."

मास्तरांना दम खाणं भाग होतं. म्हातारी समोर बसली आणि बोलू लागली.

"असा खांदा लावून आलात, म्हणजे ती मेली कडी बघायला आलात ना? मुलीने काढूनच टाकली. पहिल्याच आठवड्यात अडकले होते मी. दार ठोठावून ठोठावून हात सुजले. खालच्या बाईंना आवाज गेला, त्यांनी मुलीला फोन केला. पण बाहेरच्या दाराला कुलूप, किल्ली मुलीकडे, आणि मुलगी तिकडे, कुठच्या कुठे. ती येईपर्यंत बादली पालथी घालून बसले होते. शेवटी शेवटी श्वास पुरत नव्हता. वाटलं, संपलं आता. रस्त्यातून तिने तुम्हालाही विचारलं होतं म्हणे, तुम्ही तर इथे जवळच राहता. पण तुम्ही तरी काय करणार, तुमच्याकडे किल्ली..."

ती बोलता बोलता थांबली. तिने उघड्या दाराकडे पाहिलं. मग मास्तरांच्या हाताकडे. टॉवेल धरलेल्या मुठीतून किल्लीचं टोक बाहेर आलं होतं.

म्हातारी उठली. कपाटावरचं मशीन घेतलं, सावकाश कानात बसवलं आणि परत समोर येऊन बसली.

"हं. आता बोला."

मास्तरांनी किल्ली टेबलावर ठेवली. "तेव्हाही होती," ते म्हणाले.

"काय? मोठ्यांदा बोला, हे नीट बसत नाही कधी कधी."

मैदानाच्या पार टोकाला पोचणारा आवाज होता त्यांचा. मास्तरांनी तो कसाबसा वर काढला. "किल्ली तेव्हाही होती! माझ्याकडेच होती! खोटं बोललो मी!"

खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. इथल्या दारात बायको उभी होती, जिना चढून धापा टाकत, हातात मास्तरांची चप्पल. किती वेळ उभी होती कोण जाणे. म्हातारीने किल्ली उचलली आणि कमरेला खोचली.

"आलं ऐकू," ती म्हणाली. "आता हेच मुलीला सांगा. संध्याकाळी येते ती. तोवर बसा इथेच."