भिंगरीच्या कानांवर पडलेलं

"पन्नास मिनिटं," कानाच्या बाई म्हणाल्या. "दिवसाला सरासरी पन्नास मिनिटं. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला ऐकायचं मशीन जोडलं की किती वेळ चालू होतं ते कळतं."

सुनेचा, भिंगरीच्या आईचा, चेहरा उतरला. सकाळी कारखान्यात जायला निघण्याआधी आपण स्वतः भिंगरीच्या दोन्ही कानांत मशीन घालतो, असं तिने दोनदा सांगितलं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने विचारलं, मग मशीन खोटं बोलतंय का? सुनेचे डोळे भरून आले.

दाराशी बसून गोळीची पूड करत असलेल्या आजीने हात थांबवला.

"तिला बोलू नकोस," ती मुलाला म्हणाली. "मी काढते. ही गेली की मी काढून डबीत ठेवते."

कानाच्या बाईंनी असं पुष्कळ घरांतून ऐकलं होतं. पोर रडतं म्हणून कुणी मशीन काढायचं, कुणी लोक काय म्हणतील म्हणून. दर पंधरवड्याला येऊन बॅटरी कशी बदलायची, मशीनचा कानात बसणारा साचा कसा पुसायचा, पोराशी कसं बोलायचं हे शिकवणं, हे त्यांचं काम. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "का काढता, आजी?"

आजीला उत्तर द्यावं लागलं नाही. आतल्या खोलीतून आजोबांचं कण्हणं ऐकू आलं. "आई गं..." मग पुन्हा, जास्त खोलातून. अडीच वर्षांची भिंगरी जमिनीवर डब्यावर डबा रचत होती. तिने मानही वर केली नाही.

"दिवसभर असंच चालतं," आजी म्हणाली. "मी ऐकते तेवढं पुरे झालं. पोरीने कशाला ऐकायचं?"

बाईंनी सांगितलं, की भाषा कानात मुरायची हीच वर्षं असतात, ती हातची गेली की मागून कितीही धडपड केली तरी कमीच पडते. आजी मान खाली घालून ऐकत राहिली. बोलले ते आतून आजोबाच. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"घाला तिच्या कानात. मी तोंड मिटून घेतो."

आजोबांनी उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली होती. बोलका माणूस. चाळीस वर्षं घरात दोघांच्या वाटचं बोलणं ते एकटेच बोलले आणि आजीने हुंकार भरला. आता दुखणं हाडांत उतरलं होतं. गोळी पोटात गेली की तासा-दोन तासांपुरती उसंत मिळायची. तेवढा वेळ भिंगरीचा, असं ठरलं. जवळून बोला, समोरून बोला, ती बघते त्याबद्दल बोला, असं बाईंनी सांगितलं होतं. आजोबांनी ती ड्युटीच लावून घेतली. हा चमचा. चमचा पडला. उचल बरं. पलंगाची बस व्हायची आणि भिंगरी पायथ्याशी चढली की आजोबा पुकारायचे, "पुढे चला, पुढे जागा आहे."

कळ आली की ते उशीचा कोपरा दातांत धरायचे. आजीचा हात आपसूक पोरीच्या कानाकडे जायचा. आजोबा डोळ्यांनीच नको म्हणायचे. मशीनचे तास तीनवर गेले, मग सहावर.

एका दुपारी भिंगरीने आपल्या बाहुलीला पलंगाच्या कडेला निजवलं, तिच्यावर रुमाल पांघरला, तिला थोपटलं आणि म्हणाली, "आई गं."

तिच्या तोंडून आलेला पहिला स्वच्छ उच्चार तो. आजोबा आधी हसले, हसता हसता खोकले.

"इतकं जपलं," ते म्हणाले, "तरी कार्टीने नेमकं तेच उचललं." मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. आजी बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढच्या फेरीला तिने हे बाईंना सांगितलं. बाईंनी चष्मा पुसला आणि वहीत तारीख घालून ते दोन शब्द लिहिले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आजोबा गेले.

सुतकात एक फेरी टाळून महिन्याने बाई आल्या तेव्हा घरात आजी आणि भिंगरी दोघीच होत्या. आजीने कसलीच कसूर केली नव्हती. पोर उठल्याबरोबर कानात मशीन, अंघोळीला आणि झोपेला तेवढं बाहेर.

"दहा तास," बाई म्हणाल्या. "एवढं फार थोड्या घरांत होतं, आजी." मग त्या जरा अडखळल्या. आजूबाजूला बोलणं किती आणि शांतता किती, तेही कॉम्प्युटर दाखवतो, असं त्यांनी सांगितलं. दहापैकी जवळजवळ नऊ तास शांतता होती.

आजीने पदराशी चाळा केला.

"मला बोलता येत नाही हो," ती म्हणाली. "हेच बोलायचे. मी नुसती हं म्हणायची. आता हं तरी कुणाला म्हणू?"

बाईंनी उपदेश केला नाही. आज काय काम काढलंय, एवढंच विचारलं. आजी म्हणाली, यांचे कपडे काढून ठेवायचेत, संध्याकाळी न्यायला माणूस येणार आहे.

"मग तेच करा. करता करता हिला सांगा."

आजीने कपाट उघडलं, कपड्यांचा गठ्ठा खाली घेतला आणि भिंगरीला समोर बसवलं. भिंगरी तिच्या ओठांकडे बघत होती.

"हा शर्ट," आजी म्हणाली. घोगरा आवाज, तिचा तिलाच परका वाटला. "आजोबांचा शर्ट. निळा. घडी घालू आपण." तिने बाही हातावरून सरळ केली. "याचं बटण तुटलंय. बसच्या दारात अडकलं होतं. मी लावते म्हटलं, तर म्हणाले, राहू दे. राहिलं."

तिने घडी बाजूला ठेवली आणि दुसरा शर्ट उचलला. अजून पुष्कळ कपडे होते.