दोन कपाटांतला बेडूक

ते १९९८ साल. प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या त्या कार्यालयात कार्डं लिहिणाऱ्या मावशींच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. गुडघे मात्र केव्हाच निवृत्त झाले होते.

कपाटं दोन. एकात डोंगरावरचे प्राणी, दुसऱ्यात सखल भागातले. डोंगरावरच्याची पन्नास वर्षांपूर्वीची नोंद पहिल्या कपाटात सापडली तर शिक्का ‘मूळचा’, नाहीतर ‘उपरा’. उपऱ्यांचं पुढचं विषाच्या फवारणीचा मुकादम बघे.

त्या शुक्रवारी साहेबांनी एक कार्ड पुढे सरकवलं. “वरच्या तळ्यातला पिवळ्या पोटाचा बेडूक. उपरा मारा. सोमवारी फवारणी आहे.”

“साहेब, याला मी ओळखते.”

“नात्यातला का, मावशी?” मुकादम हसला.

मावशी टेबलाला धरून उठल्या. दुसरं कपाट उघडलं. तीस वर्षांपूर्वीचं त्यांच्याच अक्षरातलं कार्ड निघालं: खालच्या दलदलीतला पिवळ्या पोटाचा बेडूक, मूळचा. त्यावर गेल्या साली मारलेला शिक्का: ‘नाहीसा’. तोही त्यांच्याच हातचा. दोन्ही कपाटांतली कार्डं शेजारी ठेवून बघायचं इतक्या वर्षांत कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही.

“हा मेला नव्हता, साहेब. खाली आपण उकाडा वाढवला, दलदल आटली, हा वर चढला. सोमवारी इथलेही मारलेत की आडातही नाही नि पोहऱ्यातही नाही.”

साहेबांनी डोळे चोळले. “पण लिहू काय? मूळचा म्हणावा तर वर कधी नव्हता. तिसरा शिक्काच नाही.”

“पाहुणा लिहा की,” मुकादम म्हणाला.

“पाहुणा परत जातो रे,” मावशी म्हणाल्या. “याला परत जायला आहे काय?”

मावशींनी पेन्सिलीनं कार्डावर लिहिलं: ‘माणसाने आणलेला नाही, माणसामुळे यावे लागले. राहू द्यावा.’ साहेबांनी बराच वेळ ते वाचलं आणि खाली सही केली. सोमवारची फवारणी टळली.

पुढे साहेब शब्द ठरवणाऱ्या समितीवर गेले. ‘नवनिवासी’ या एका शब्दाला सहा वर्षं लागली. व्याख्या मावशींचीच घेतली, फक्त ‘राहू द्यावा’ तेवढं गाळलं. मुकादमानं फवारणी सोडली, तो दरवर्षी तळ्यावर बेडूक मोजतो नि लेकीकडे चौथ्या मजल्यावर राहायला गेलेल्या मावशींना फोन करतो, “तुमचे नातेवाईक बरे आहेत.”

यंदा म्हणाला, निम्मे बेडूक तळं सोडून वरच्या झऱ्यावर गेलेत.

“आणि झऱ्याच्या वर?”

“वर नुसता कातळ, मावशी.”