माझ्यातली चांदी सरली तेव्हा

मी मातीची कॅन्डल बोलतेय. पाण्याच्या फिल्टरमध्ये वरच्या डब्यात उभी असते ना, पांढरट नळकांड्यासारखी, तीच. आज खरं काय ते सांगून टाकते.

एका संशोधक मुलीनं मला प्रयोगशाळेत घडवलं. तिनं पेरूची पानं उकळली आणि तो अर्क चांदीचा क्षार विरघळवलेल्या पाण्यात ओतला. पाणी आधी पिवळं, मग तपकिरी झालं. त्यात चांदीचे कण तयार झाले होते, डोळ्यांना न दिसणारे. मला दिवसभर त्यात बुडवून सुकवलं. जंतू मारायचं काम माझ्याकडे आलं.

तिनं मला स्वतःच्या घरी बसवलं. तिचे वडील शिंपी, दुकान घरातच. माप घेता घेता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, आमच्या मुलीनं पानांपासून चांदी केलीय. ती म्हणायची, बाबा, चांदी आधीचीच, पानं फक्त तिचे कण करतात. ते मान डोलवायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा तेच ऐकवायचे. आईनं तर पाणी उकळणंच सोडलं.

रोज पाण्याबरोबर माझ्यातली थोडी चांदी वाहून जायची. दर महिन्याला पाणी तपासायचं असं मुलीनं ठरवलं होतं. दोनदा तपासलं. मग प्रबंधाची घाई; आज करू, उद्या करू म्हणत चार महिने गेले. पाणी नितळच दिसायचं. मला बोलता येत नव्हतं हे खरं, पण कौतुक गोड लागत होतं हेही खरं.

वडिलांना टायफॉइड झाला. मुलगी उशाशी बसली तेव्हा ते म्हणाले, बाहेर कुठेतरी सरबत प्यायलो असेन. खोटं होतं. गणवेशांची मोठी ऑर्डर होती, तीन आठवडे ते घराबाहेर पडलेच नव्हते. ते तिला सांभाळून घेत होते, आणि तिच्याबरोबर मलाही.

ती माझं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत घेऊन गेली. दोन दिवसांनी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं.

"बाबा, आपल्या फिल्टरच्याच पाण्यात जंतू निघाले. मी तपासायचं टाळलं."

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "आता हे तुझ्या प्रबंधातही लिही."

तिनं लिहिलं. पदवी वर्षभर लांबली. वडील बरे झाले, पण अजून तासभर मशीनवर बसले की थकतात. ते बघून आई पिण्याचं पाणी पुन्हा उकळायला ठेवते.

आतली चांदी मोजायला मला करवतीनं कापलंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर पाण्याच्या नितळपणावर जाऊ नका. तिला तपासा. ती स्वतःहून सांगणार नाही.